कान आणि पूर्व

रिओ ऑलिंपिकमधले बॅडमिंटनचे जुने सामने एखाद्या रिकाम्या दुपारी पुन्हा पाहत बसणे हा माझा एक निरुपद्रवी छंद आहे. सिंधूचा अंतिम सामना आता जवळजवळ पाठ झाला आहे, म्हणून परवा पुरुष दुहेरीचा लावला, आणि मलेशियाच्या तान वी किओंगचे नाव वाचता वाचता मिश्र दुहेरीतला चान पेंग सून आठवला. दोघेही मलेशियाचे, २०१६ साली रिओत दोघांनाही रौप्यपदक मिळाले, आणि चिनी लिपीत लिहायचे झाले तर दोघांचे आडनावही एकच, ते म्हणजे चेन. उलट त्याच स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक जिंकणारा चीनचा चेन लाँग या चेनांपैकी नव्हे. त्याचे अक्षरच निराळे आहे.

आडनाव कानावर पडले की त्यामागचे गाव शोधून काढण्याची ही खोड मला वडिलांकडून मिळाली आहे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर भायखळ्याच्या एका चिनी दंतवैद्याकडे गेलो होतो. दाढ निघाली, गुळणी करून तस्तात थुंकून झाले, आणि तोंड मोकळे होताच वडिलांनी पहिला प्रश्न केला, ‘‘डॉक्टरसाहेब, आपले मूळ गाव कोणते?’’ डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘‘माझगाव.’’ वडिलांचे अर्थातच समाधान झाले नाही. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे आपले आडनाव लिहिले, अक्षराच्या डाव्या भागावर पेन टेकवून स्वतःच्या कानाची पाळी ओढून दाखवली, मग उजव्या भागावर पेन ठेवून ‘‘पूरब’’ म्हणाले. चेन अनेक असल्यामुळे आपला चेन कोणता हे सांगताना चिनी माणूस ‘कान-पूर्ववाला’ असेच सांगतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

वडिलांना हवे होते ते मूळ गाव खरोखरच आहे. आजच्या हनान प्रांतातल्या ह्वाययांगच्या परिसरात चेन नावाचे एक छोटे राज्य होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी शांग घराण्याचा पाडाव केल्यावर चौ राजा वू याने पुराणप्रसिद्ध सम्राट शुनचा वंशज समजल्या जाणाऱ्या मान नावाच्या पुरुषाला हा मुलूख दिला आणि आपली मुलगीही दिली, अशी परंपरा आहे. इसवी सनापूर्वी ४७८ मध्ये दक्षिणेकडच्या बलाढ्य छू राज्याने चेन गिळंकृत केले, आणि राज्य गेल्यावर तिथल्या लोकांनी राज्याचे नावच आडनाव म्हणून धरून ठेवले. आपल्याकडचे कित्येक ‘कर’ कधीकाळी सोडलेले गाव असेच नावात बाळगून असतात, त्यामुळे मला हे फारसे परके वाटत नाही. एक राजपुत्र मात्र दोनशे वर्षे आधीच घरच्या कलहाला भिऊन छी राज्यात पळाला होता. त्याचे वंशज तिथे तिएन म्हणवू लागले आणि पुढे त्यांनी छीची गादीच बळकावली. आश्रिताला घरात घेताना त्याचे आडनाव नीट विचारून घ्यावे, असे छीच्या राजांना तेव्हा नक्की वाटले असेल.

बाकीचे चेन पिढ्यानपिढ्या दक्षिणेकडे सरकत राहिले. सातव्या शतकात तांग घराण्याच्या सैन्याबरोबर आग्नेय किनाऱ्यावरच्या फूजियान प्रांतात उतरलेल्या चेन युआनग्वांगने चांगचौ वसवले, आणि तिथे आजही त्याची देव म्हणून पूजा होते. फूजियानच्या बोलीत चेनचा तान झाला, कँटनमध्ये चान झाला, हाक्का लोकांत चिन झाला आणि व्हिएतनाममध्ये त्रान. तिथल्या त्रानांनी तर १२२५ पासून १४०० पर्यंत राज्य केले. त्यांचे पूर्वज फूजियानकडून आलेले कोळी होते, असे सांगतात. गादीवर आल्यावर काही वर्षांतच त्यांनी आधीच्या ली घराण्याच्या लोकांना आडनाव बदलून न्गुयेन व्हायला लावले.

पुढे फूजियानची माणसे जहाजांतून मलाक्का, पेनांग, सिंगापूरला गेली, तेव्हा बंदरावरच्या गोऱ्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि ते स्पेलिंग नातवंडा-पतवंडांच्या पासपोर्टपर्यंत पोहोचले. रबराच्या धंद्यात गबर झालेले सिंगापूरचे तान काह की १९२१ मध्ये आपल्या मुलखात शियामेन विद्यापीठ स्थापन करतात, तेव्हा तिथे ते चेन जियागेंग असतात. शांतिनिकेतनात चीन भवन उभारणारे तान युन-शान मात्र हुनानचे, आणि त्यांचे तान या तानांपेक्षा अगदी वेगळे. मी बराच काळ त्यांना सिंगापूरकरांचे भाऊबंद समजत असे.

इंडोनेशियात १९६६ साली चिनी नावे बदलण्याची ‘सोय’ सरकारने करून दिली. सोय कसली, नाव न बदलता निभावणे कठीणच होते. मग कोणी सुतांतो झाले, कोणी तनुविजया, आणि जुने तान नव्या नावाच्या पोटात लपून राहिले. आपणही या बाबतीत फार उजळ माथ्याने बोलू नये. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट आणि मुलाबाळांसकट, आगगाडीने राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन डांबले गेले. त्यांतले पुष्कळजण इथेच जन्मलेले होते. कोणाचा चेन कान-पूर्वाचा आणि कोणाचा दुसरा, हे तेव्हा कोणी विचारले नसावे.