हाडाजवळचा लाल रंग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेली चार वर्षं मी हा प्रश्न हसण्यावारी नेतेय. आपण सगळे फ्राइड चिकन खायला गेलो की कोणीतरी थाय पीस मोडतं, हाडापाशी लालसर दिसतं आणि माना माझ्याकडे वळतात. ‘जा की काउंटरवर! पूर्वी कशी भांडायचीस, आता काय झालं?’ दादा म्हणतो, वय झालं. वहिनी म्हणते, लोकांची भीड वयानं चेपते, हिची वाढत चाललीय.

झालं एवढंच, की एकदा मी भांडून जिंकले.

भाच्याचा सातवा वाढदिवस होता. आम्ही सहा जण, मध्ये मोठी बकेट, बाजूला बर्गर. त्याच्यासाठी म्हणून मी थाय मोडला, तर हाडालगत गडद लाल रेघ आणि सांध्यापाशी लालसर रस. मी ट्रे उचलला आणि रांग तोडून थेट काउंटरवर आपटला. ‘हे कच्चं आहे. लहान मुलांना हे घालता?’ माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

समोरचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, तेल उडाल्याचे जुने-नवे डाग. तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, शिजलंय. तो हाडातला रंग आहे. मी टेंपरेचर बघितलंय.’ त्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. प्रत्येक घाण्याची वेळ, आकडा, सही. मी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, ‘मला शिकवू नकोस.’ मागे रांगेतलं कोणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणालं, तसा मला आणखी चेव आला.

मॅनेजर आला. त्यानं थर्मामीटर मागवला नाही, तक्ता बघितला नाही. माझी माफी मागितली, नवी बकेट फुकट द्यायला सांगितली आणि त्या मुलाला माझ्यादेखत म्हणाला, ‘तो सगळा घाणा टाकून दे.’ मुलानं गरम कपाटातला अख्खा ट्रे काढला आणि कचऱ्याच्या डब्यात उलटा केला. कुरकुरीत पीस एकमेकांवर पडले की आवाज होतो. तो मी ऐकला.

आता जे सांगणार आहे ते घरी कोणालाच माहीत नाही. नवी बकेट आली. मी पहिला थाय मोडला. हाडाजवळ तोच लाल रंग, पहिल्यापेक्षा जरा जास्तच.

मी काय केलं? तो पीस टिश्यूत गुंडाळला, भाच्याला विंग दिली आणि म्हटलं, ‘बघ, आता कसं नीट शिजलंय!’ तेवढ्यात तो मुलगा शेजारचं टेबल पुसायला आला. त्यानं टिश्यूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फडका पिळून निघून गेला.

घरी येऊन मी वाचत बसले. हे आधी वाचायला कोणी अडवलं होतं? तळणीसाठी वापरतात ती कोंबडी साधारण सहा-सात आठवड्यांची असते. तिची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, त्यामुळे हाडाच्या आतल्या मगजातला रंग झिरपून मांसात उतरतो. पीस गोठवलेले असले तर जास्तच. शिजलं की नाही ते रंगावरून ठरत नाही. हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात थर्मामीटरची सळी खुपसायची, आकडा ७४ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर आला की झालं. म्हणजे त्या मुलाचा तक्ता.

त्यावर तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, ‘तक्त्यावर आकडा कोणीही लिहील! गर्दीच्या वेळी प्रत्येक पीसमध्ये सळी घालतात होय?’ आणि ती अगदीच चुकीचं बोलत नाही. हा धंदाच घाईवर उभा आहे. लोखंडी तव्यात चिकन तळायला अर्धा तास लागायचा, गिऱ्हाईक थांबेना, म्हणून केएफसीचे संस्थापक हार्लंड सँडर्स यांनी १९३९ मध्ये ते प्रेशर कुकरमध्ये तळायला घेतलं. तेव्हापासून सगळी धडपड मिनिटं वाचवायची. फ्रायरमध्ये एकदम जास्त पीस टाकले की तेल थंडावतं. अर्धवट गोठलेला पीस पडला तर कोटिंग बाहेरून छान तपकिरी होतं आणि आत गाभा तसाच राहतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. त्या प्रसंगानंतर वर्षभरानं, दुसऱ्याच ठिकाणी, मी एकटी चिकन बर्गर खात होते. फिले एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला चांगलाच जाड. जाड टोकाला दात रुतेना. रबरासारखं, चकचकीत, अर्धपारदर्शक. फिलेला हाडच नसतं, तेव्हा मगजाची सबबही नव्हती. मला कळलं होतं. काउंटर चार पावलांवर होता. पण तिथेही एक मुलगाच उभा होता, त्याच्याही हातांवर डाग. मी आणखी दोन घास खाल्ले, मग उरलेला बर्गर कागदात गुंडाळून ट्रेवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी ताप आणि पोट. आठवडा गेला. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू दोन ते पाच दिवसांनी त्रास देतो म्हणे, हिशेब जुळतो. पण तपासणी मी केली नाही, त्यामुळे त्या बर्गरवर आळ घेणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘बाहेर काही खाल्लं होतंत?’ मी नाही म्हटलं. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तेव्हा भीड म्हणा, वय म्हणा. त्या मुलाची माफी मागायला मी परत गेले का, असं कोणी विचारण्याआधीच सांगते, नाही गेले. ते दुकान चुकवून दुसऱ्या रस्त्यानं जाते.

गेल्या रविवारी भाच्यानं थाय मोडला आणि हात पुढे केला. ‘आत्या, लाल आहे.’ मी बोटानं दाबून पाहिलं. मांस हाडावरून सुटत होतं, तंतू मोकळे होते.

‘शिजलंय ना?’

‘बहुतेक,’ मी म्हटलं.

तोवर वहिनी ट्रे घेऊन काउंटरकडे निघालीसुद्धा होती. मी तिला हाक मारली नाही.