हायवे १२७ वरची पिवळी केटल

ती केटल (चहाची किटली नव्हे, कोळशावर मांस भाजायचं झाकणाचं गोल ग्रिल) ज्यांनी नेली त्यांच्याबद्दलचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अमेरिकेत ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत एक अचाट प्रकार चालतो. मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत, सहा राज्यांतून, ६९० मैलांच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक घरातलं जुनं सामान मांडून बसतात. सुरुवात १९८७ मध्ये टेनेसीतल्या फेंट्रेस काउंटीतून झाली. मोठ्या हायवेवरून भरधाव निघून जाणाऱ्या प्रवाशांनी आपल्या छोट्या गावांतूनही जावं, एवढाच हेतू होता. आता त्या चार दिवसांत यूएस १२७ वर गाड्यांच्या रांगा मुंगीच्या पावलांनी सरकतात. मोटेल कित्येक महिने आधी भरलेली, स्वच्छतागृहाची सोय म्हणजे शेतात उभी केलेली प्लास्टिकची खोकी, आणि वर टळटळीत ऊन. गर्दीचा तिटकारा असलेल्यांनी तिकडे फिरकू नये. मलाही गर्दी सोसत नाही, तरी मी गेले, कारण ग्रिलवाले आजोबा निघाले होते.

हे आजोबा म्हणजे सिनसिनाटीत माझ्या दादाच्या शेजारी राहणारे निवृत्त गृहस्थ. हे नाव त्यांना दादाच्या मुलांनी दिलं. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे कोळशावरची जुनी ग्रिल्स भिंतीला लागून ओळीनं उभी आहेत: काळी, लाल, चॉकलेटी, बाटलीसारखी हिरवी. प्रत्येकाचं झाकण उचलून दाखवताना त्यांचा आवाज हळू होतो. दादाला सुट्टी नव्हती, पिकअपमध्ये एक जागा रिकामी होती, आणि वहिनी म्हणाली, "तूच जा, तुला असलं काही बघायला आवडतं."

ओहायो नदी ओलांडून कॉव्हिंग्टनमधून केंटकीत शिरलो. पहिला अख्खा दिवस काचेच्या बरण्या, गंजलेली अवजारं आणि बाहुल्या बघण्यात गेला. हाती काही लागलं नाही.

मात्र गाडीत बसल्या बसल्या मी बरंच शिकले. १९५० च्या सुमाराला घरोघरी होती ती उघडी ग्रिल: पसरट तवा, खाली पाय, वर जाळी. वारा आला की राख अन्नावर, पाऊस आला की सगळं बोंबललं. शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन काम करायचा. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. १९५२ मध्ये त्यानं असाच एक गोल बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं आणि हवा खेळायला भोकं पाडली. पुढे काही वर्षांनी रशियन उपग्रहावरून लोक त्या ध्यानाला स्पुटनिक म्हणायला लागले; हीच ती केटल. आजोबांचं म्हणणं असं की खरा शोध झाकणाचा आहे. झाकण आलं म्हणून खालच्या आणि वरच्या झडपांतून हवा कमीजास्त करता आली. हवा हातात आली की आग हातात आली. कोळसा दोन कडांना सारून मधे मांस ठेवलं की उष्णता झाकणाला आपटून खाली फिरते आणि सगळीकडून सारखं भाजलं जातं.

रंगाचंही त्यांनी सांगितलं. त्या घुमटावर असतो तो नेहमीचा रंग नव्हे. काचेची भुकटी लोखंडी पत्र्यावर चढवून आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, ती वितळून पत्र्याला कायमची चिकटते. म्हणून पन्नास वर्षं उन्हापावसात राहिलेलं झाकणसुद्धा ओल्या फडक्यानं पुसलं की आरशासारखं लखलखतं. शत्रू एकच, ठोकर. एक टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो. म्हणूनच ही ग्रिल्स जमवणारे लोक झाकण हाताळताना अंगठ्या काढून ठेवतात. मी आधी हसले होते. पण आजोबांनी खरोखरच लग्नाची अंगठी काढून खिशात टाकलेली पाहिली तेव्हा गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी केंटकीच्या दक्षिण टोकाला, टेनेसीची हद्द जवळ आली असताना, उतारावर एक पांढरं घर दिसलं. केंटकीतच कुठेतरी घड्याळ एक तास मागे गेलं होतं, त्यामुळे सकाळ संपता संपत नव्हती. अंगणात कपड्यांचे ढीग, एक शिलाई मशीन, आणि भोपळ्याच्या वेलाशेजारी एक पिवळी केटल. अंड्यातल्या बलकासारखा गडद पिवळा रंग. आजोबांनी रस्त्यावरच ब्रेक दाबला, मागच्यानं हॉर्न वाजवला.

आम्ही पोचेपर्यंत एक तरुण जोडपं तिच्याजवळ उभं होतं. त्यातल्या पुरुषाचा तळहात झाकणावर. या जगात त्याला अर्थ आहे: हात ठेवला की पहिला हक्क त्याचा, बाकीच्यांनी मागे राहायचं. आजोबा चार पावलांवर थांबले. तिथूनच त्यांनी मला हळू आवाजात दाखवायला सुरुवात केली. मूठ लाकडाची. तळाला तीन वेगवेगळ्या झडपा, प्रत्येकीला स्वतंत्र कान; पुढच्या काळातल्या केटलला एकाच दांड्यानं फिरणारी पाती असतात. झाकणावरच्या झडपेवर अक्षराचा ठसा दिसत नाही. वर्ष ओळखता येईल असं अक्षर ठोकायला वेबर कंपनीनं सुरुवात केली १९७९ मध्ये, म्हणजे ही बहुधा त्याआधीची. आणि पिवळी. पिवळी त्यांच्या गॅरेजात नाही, हे मला माहीत होतं.

चिठ्ठीवर पंधरा डॉलर लिहिलं होतं.

त्या माणसानं झाकण उचललं, आतल्या बाजूला नख लावलं, काळपट पापुद्रा खाली पडला. "आतला रंग सुटलाय," तो घरमालकिणीला म्हणाला. "दहाला द्या." आजोबांचा जबडा आवळला गेला. झाकणाच्या आत सुटतो तो रंग नसतोच. धुराचा आणि चरबीचा थर वर्षानुवर्षं साचून कोळसा होतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. ब्रशनं घासलं की खाली मुलामा अखंड. हे आजोबांना ठाऊक, त्या माणसालाही ठाऊक. त्याच्या पायाशी उघडलेल्या पिशवीत झडपांना लावायची मऊ फडकी होती, तो काही नवखा नव्हता.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कदाचित मी एकटीच त्या केटलकडे टक लावून बघत नव्हते म्हणून, आणि विचारलं, "खरंच खराब झालीये का गं ती?"

मी सांगितलं. तो रंग नाही, धुराचा थर आहे. केटल जुनी आहे, हा रंग सहसा मिळत नाही, आणि जमवणारे लोक यासाठी पंधरापेक्षा पुष्कळ जास्त मोजतील. त्या जोडप्यातली बाई माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी तिच्या पर्समध्ये हात घातला. आजोबा खाली मान घालून गवत बघत होते. दुसऱ्याचा सौदा चालू असताना मधे तोंड घालायचं नाही, हा त्यांच्यातला दंडक मला सकाळीच ऐकवला गेला होता. पण ज्याच्याकडे माहिती आहे त्यानं खोटं बोलून भाव पाडावा आणि बाकीच्या जाणकारांनी शिष्टाचार म्हणून ऐकत राहावं, हे मला त्या वेळी पटलं नाही आणि आजही पटत नाही. गप्प राहणं एक वेळ समजू शकते. चांगल्या वस्तूला खराब म्हणणं ही फसवणूक आहे.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या माणसाला म्हणाल्या, "चिठ्ठीवर पंधरा लिहिलंय. पंधरा द्या."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही, मी पुन्हा सांगायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं. "कळलं मला. मी पंधरा लिहिलं तेव्हा पंधराच."

त्यानं पैसे दिले. जोडप्यानं केटल घोंगडीत गुंडाळली, एसयूव्हीत घातली आणि दोन मिनिटांत निघून गेलं. आभारसुद्धा पुटपुटल्यासारखे.

आम्ही मात्र तिथेच राहिलो, कारण बाईंनी थंड चहाची सुरई आणली. अमेरिकेच्या या भागात अनोळखी माणसाला ज्या सहजपणे सावलीत बसवतात, तो अनुभव मला मोठ्या शहरांत कधी आला नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. केटल त्यानंच आणली होती. हिवाळ्यात बर्फ पडत असतानाही तो डोक्यावर टोपी चढवून बाहेर उभा राहायचा, कारण घरात त्याला करमायचं नाही. मुलगी दूर राहते, गॅसवर भाजते. "माझ्याच्यानं आता झाकण उचलत नाही," त्या म्हणाल्या. पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आजोबा अचानक ओट्याच्या पायरीकडे गेले आणि खाली वाकले. मांजराला पाणी ठेवलेली एक उथळ ॲल्युमिनियमची ताटली होती तिथे, पोचे आलेली, कडेला काळपट. "ही त्याच केटलची आहे?" जुन्या केटलच्या तिन्ही पायांमध्ये ही ताटली अडकते, झडपांमधून गळणारी राख तिच्यात पडते. ताटल्या हलक्या, राख टाकताना कुठेतरी राहून जातात, वाऱ्यानं उडतात; केटल सापडते पण तिच्याबरोबरची मूळ ताटली नसते. बाई म्हणाल्या, हो, तिचीच, मांजराला आवडते म्हणून ठेवली, हवी तर न्या. आजोबांनी पिकअपमधून स्वतःचा स्टीलचा वाडगा आणून त्यात पाणी ओतलं, मांजरापुढे ठेवला, मग ताटली उचलली. बाई नको म्हणत असताना एक डॉलर टेबलावर ठेवलाच.

मला वाटलं, चला, काहीतरी तर मिळालं.

गाडीत बराच वेळ ते बोलले नाहीत. स्टॅटिक नावाच्या वस्तीपाशी टेनेसीत शिरलो. वुल्फ नदीच्या खोऱ्यात पॉल मॉलला पहिल्या महायुद्धातला शूर सैनिक ॲल्विन यॉर्क याचं घर आणि गिरणी आहे; मला तिथे उतरायचं होतं, पण आजोबांनी वेग कमी केला नाही. ते डाव्या-उजव्या शेतांमधल्या गाड्या बघत होते. शेवटी मीच विचारलं, माझ्यावर रागावलात का.

"नाही," ते म्हणाले. "मी बोलायला हवं होतं. इंडियानाच्या नंबरची करडी एसयूव्ही दिसली तर सांग."

जेम्सटाउनच्या अलीकडे एका मोठ्या मैदानात तंबूंची रांग होती आणि तिथे ती गाडी उभी होती. आजोबा ताटली घेऊन उतरले. मी मागून जाताना म्हणाले, यांना कशाला द्यायची, ठेवा ना तुमच्याकडे. ते थांबले नाहीत. त्या माणसानं आम्हाला ओळखलं आणि त्याचा चेहरा कडक झाला, भांडायला आलोत असं त्याला वाटलं असणार. आजोबांनी फक्त ताटली पुढे केली. "तुमच्या केटलची आहे. पायरीवर राहिली होती."

त्यानं खिशात हात घातला. आजोबांनी मान हलवली. मग त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं, घोंगडी सोडली, केटल गवतावर उतरवली आणि तिघंही गुडघ्यांवर बसले: आजोबा, तो आणि त्याची बायको. ताटली पायांमध्ये बसायला थोडी अडत होती. एका पायाचं टोक वाकलं होतं. आजोबांनी ते अंगठ्यानं दाबून सरळ केलं, ताटली टक् आवाज करून बसली. बायको म्हणाली, "बसली!" आणि आजोबांच्या खांद्यावर थाप मारली. त्यानंतर अर्धा तास झडपा, पाय, मुठीचे स्क्रू. कोळशाच्या विटांवरूनही बोलणं झालं. हेन्री फोर्डनं मोटारीच्या लाकडी भागांचा भुसा आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून मिशिगनमध्ये त्या विटा बनवायला घेतल्या होत्या आणि फोर्डचे मोटारविक्रेते सहलीसाठी छोटी ग्रिल्स विकायचे. तसलं एक ग्रिल त्या माणसाकडे होतं, फोटो दाखवले गेले. मी उन्हात उभी. त्या बाईंना तो खोटं बोलला होता, याचा उल्लेख कोणी केला नाही, आणि मला तो करायचा होता.

परत निघताना मी आजोबांना म्हटलं की तुम्ही फार लवकर माफ केलंत. ते म्हणाले, माफ कोणी केलंय? केटलचं आणि ताटलीचं एकत्र असणं त्या माणसापेक्षा महत्त्वाचं आहे. तो कधीतरी ती विकेल, नाहीतर मरेल, मग ती पूर्ण अवस्थेत पुढच्याच्या हाती जाईल.

हे मला निम्मंच पटलं. पटलेल्या निम्म्यामुळे मी त्या माणसाच्या गाडीचा नंबर इथे लिहीत नाही.

पुढे क्रॉसव्हिलपर्यंत गेलो. तिथे आजोबांना ओतीव ॲल्युमिनियमचं, पीके नावाचं एक जुनं ग्रिल मिळालं, चौकोनी डब्याला गोलाई दिल्यासारखं, वर दोन आणि खाली दोन झडपा. ॲल्युमिनियम असल्यामुळे हे गंजत नाही, शेतातल्या चिखलातून काढलेलंही धुऊन वापरता येतं. ही ग्रिल्स बनणं मधे बंद पडलं होतं. एका माणसाला असंच एक जुनं ग्रिल गॅरेज सेलमध्ये सापडलं आणि त्यातून १९९० च्या दशकात ती पुन्हा बनू लागली. विकणाऱ्या मुलाला आजोबांनी हे सगळं आधी सांगितलं, मग किंमत विचारली. त्यानं लगेच वीस डॉलर वाढवले. आजोबांनी ते दिले आणि ग्रिल दोरीनं बांधायला मला हाक मारली. चॅटानूगा आणि त्यापुढचा लुकआउट डोंगरावरचा रस्ता या वेळी राहिला.