सोळा संघांचं एकच घर

भाचा शिकायला लिव्हरपूलला गेला आणि बघता बघता तिथल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबचा झाला. मे २०२५ मध्ये एके संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. गुडिसन पार्कवरचा पुरुष संघाचा शेवटचा सामना नुकताच संपला होता. साउदॅम्प्टनला २-० हरवलं होतं, पण जिंकल्यावरही म्हातारी माणसं मैदानाच्या भिंतीला हात लावून उभी होती म्हणाला. १८९२ पासूनचं मैदान ते. ऑगस्टपासून संघ मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेल्या, जवळपास ५३ हजार प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियममध्ये जाणार होता. "मामा, नव्या घरात आपला जोर वाढेल की घटेल?" त्यानं विचारलं.

मला तेव्हा काही सांगता आलं नाही. नंतर बरंच वाचलं. पण वाचलेल्याचा अर्थ नीट लागला तो फेब्रुवारीत कोल्हापुरात काढलेल्या दोन दिवसांत.

कोल्हापूरच का, तर तिथल्या फुटबॉलची मांडणीच वेगळी आहे. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ असे संघ. बहुतेक तालमीतून नाहीतर पेठेतल्या मंडळातून उभे राहिलेले. वरिष्ठ गटात सोळा संघ, आणि हे सगळे खेळतात एकाच मैदानावर, राजर्षी शाहू स्टेडियमवर. म्हणजे कागदावर कुणालाच घरचं मैदान नाही, आणि खरं पाहिलं तर सगळ्यांचंच ते घर आहे. घरच्या मैदानाचा फायदा नेमका कशातून येतो हे समजून घ्यायचं, तर याहून चांगली जागा मला सुचली नाही.

रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, सकाळी कोल्हापूर. स्टेशनवरून रिक्षा केली. "शिवाजी पेठ" म्हटल्यावर रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "मॅचला आलासा व्हय?" माझ्या ऑफिसातल्या मित्राचे काका पेठेत राहतात, त्यांच्याकडे उतरायचं होतं. वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी पेठेच्या संघात राइट बॅक. चहा झाल्यावर ते आधी तालमीत घेऊन गेले. आत लाल मातीचा हौदा, शेंदूर लावलेला मारुती, आणि वरच्या फळीवर कुस्तीच्या गदांच्या शेजारी फुटबॉलच्या ढाली. काका मारुतीच्या पाया पडले, मग एका ढालीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि जागच्या जागी सरळ करून ठेवली.

मॅच चारची. आम्ही तीनलाच गेलो. पायरी उन्हानं अशी तापली होती की हात टेकवत नव्हता. काकांनी पिशवीतून दोन पुठ्ठे काढले, एक मला दिला. त्यांचा स्वतःचा पुठ्ठा कुठल्याशा साबणाच्या खोक्याचा होता, घड्यांवर काळा पडलेला. त्याच्या कडेला बॉलपेननं उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी, पुन्हा चार. यंदाच्या हंगामात पेठेनं केलेले गोल. मागच्या हंगामाचा पुठ्ठा घरी माळ्यावर आहे म्हणाले, आणि त्याच्या आधीचाही.

गॅलरी कशी भरत गेली ते मी डोळे भरून पाहिलं. या कोपऱ्यात कुणी बसायचं, त्या अंगाला कुणी, याची पाटी कुठेही नाही. पण माणसं आपसूक आपापल्या जागी जात होती, जशी लग्नात दोन्हीकडची मंडळी बसतात. मध्ये पोलिसांची रांग. साडेतीनला हलगी सुरू झाली. समोरच्या अंगालाही तेवढीच गर्दी होती, पण काकांच्या मते ती "पातळ" होती. कारण तिकडची पोरं विखरून बसली होती. "दाटीनं बसाय लागतंय," ते म्हणाले. "शंभर पोरं खांद्याला खांदा लावून बसली की हजाराचा आवाज निघतोय. हजार जण लांब लांब बसली तर शंभराचाबी निघत न्हाई."

कोण जिंकलं ते इथं लिहीत नाही, ज्या क्षणासाठी हे सगळं लिहितोय तो निकालाच्या पलीकडचा आहे. उत्तरार्धात आमच्या अगदी पुढ्यात, साइडलाइनपासून दोन हातांवर, समोरच्या संघाच्या डिफेंडरनं घसरत टॅकल केला. बॉल आधी लागला की पाय, मला दिसलं नाही. गॅलरी मात्र एकाच वेळी उठली. रेफ्रीची शिट्टी ओठांपाशी होती. त्यानं अर्धा सेकंद आमच्याकडे पाहिलं आणि फाउल दिला.

काका खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "पाय न्हवता. बॉलच होता. पर रेफ्री काय लबाड न्हाई. त्येलाबी कान हायत."

इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला तिथंच आठवला. ४० पात्र रेफ्रींना एका सामन्यातले टॅकल व्हिडिओवर दाखवले होते. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगचा अभ्यास २००५ मध्ये आला, त्यात असं दिसलं की घरचा संघ एका गोलनं मागे असला की रेफ्री जादा वेळ जास्त देतात. आणि मग कोरोनात अख्ख्या जगानं हा प्रयोग आपल्या डोळ्यांनी पाहिला. इंग्लंडच्या २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये स्टँड जवळजवळ पूर्ण हंगामभर रिकामे होते. त्या वर्षी पाहुणे संघ १५३ सामने जिंकले आणि यजमान १४४. मैदानं तीच होती, ड्रेसिंग रूम तीच, गवत तेच. फक्त माणसं नव्हती.

हे वाचताना मला पटलं होतं. अर्ध्या सेकंदाची ती नजर पाहिल्यावर ते माझं झालं.

पण आवाज हे काही सगळं उत्तर नाही, आणि हे मला काकांनीच दाखवलं. मध्यंतरात गोलकीपर बाजू बदलत होते तेव्हा ते म्हणाले, आता सूर्य बघा. कुठल्या महिन्यात किती वाजता कुठल्या गोलपोस्टमध्ये ऊन डोळ्यावर येतं, वारा सुटला की कॉर्नरचा बॉल कुठं वळतो, हे इथल्या प्रत्येक पोराला लहानपणापासून माहीत असतं. पण सोळाही संघांना माहीत असल्यामुळे त्याचा फायदा कुणालाच नाही. तो फायदा एकमेकांत वजा होऊन जातो. उरते ती पेठेची इर्षा. कोल्हापुरात हा शब्द वाईट अर्थानं वापरत नाहीत. इर्षेनं खेळला म्हणजे जीव ओतून खेळला.

संध्याकाळी गंगावेशीत गेलो. म्हशी उभ्या, समोरच धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दूध कोमट होतं, मिशीला फेस लागला. तिथं काकांच्या ओळखीचा एक विशीतला मिडफिल्डर भेटला. पोटरीला पट्टी बांधलेली, हातात पेला. मी भाच्याचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, उद्या कोल्हापुरात नवं कोरं स्टेडियम झालं तर?

"झालंच पाहिजे," तो लगेच म्हणाला. "पण पेठेसाठी न्हाई. पेठेला हेच बरं हाय. बाहेरच्या टीमा आणायसाठी पाहिजे."

मी महिनाभर वाचून जिथं पोचलो नव्हतो तिथं हा पोरगा एका वाक्यात पोचला होता. आज गॅलरी दोन तुकड्यांत वाटलेली असते. समोर मुंबईचा, गोव्याचा, बंगालचा संघ नियमित येऊ लागला तर दोन्ही तुकडे एक होतील. पोलिसांच्या रांगेच्या अलीकडे आणि पलीकडे बसणारी माणसं एकाच बाजूनं ओरडतील. कोल्हापूरला खरं घरचं मैदान तेव्हा मिळेल. अनिकेत जाधव याच मातीतला. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला, पण घडायला त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. ज्या गावात पेठेच्या मॅचला अशी दाटी होते, त्या गावाच्या पोरांनी मोठी मॅच आपल्या गॅलरीपुढे खेळावी, ही अपेक्षा मला अजिबात जास्त वाटत नाही.

काका मात्र गप्प होते. पेला ठेवून म्हणाले, "नवीन घरात पहिली दोन वर्सं झोप लागत न्हाई."

यालाही आधार आहे. रिचर्ड पोलार्ड या अभ्यासकानं २००२ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या अशा ३७ संघांचा हिशेब मांडला, जे आपलं गाव न सोडता नव्या स्टेडियममध्ये गेले होते. त्याच्या अंदाजानं घरच्या फायद्यातला सुमारे २४ टक्के भाग नव्या जागेतल्या पहिल्या हंगामात गळून पडला. जुन्या जागेचे बारकावे हातातून जातात आणि नवे अंगात मुरायला वेळ लागतो. लंडनच्या आर्सेनलनं २००६ मध्ये जुनं हायबरी मैदान सोडलं, तेव्हा नव्या एमिरेट्सवरचा लीगचा पहिला सामना ॲस्टन व्हिलाशी १-१ असा सुटला. टॉटनहॅमनं तर जुन्या व्हाइट हार्ट लेनवरच्या शेवटच्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, लीगचे १९ पैकी १७ सामने जिंकले आणि दोन बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत. मग २०१९ मध्ये नवं भव्य स्टेडियम झालं. त्यात मुद्दाम १७,५०० माणसांचा एकसंध, उभट चढाचा दक्षिण स्टँड बांधला, आवाजाची भिंत म्हणून. तोच संघ २०२४-२५ च्या लीगमध्ये वीसपैकी सतरावा आला. भिंत गोल करत नाही.

तरीही "नवं नको" हे उत्तर मला मान्य नाही. इटलीच्या युव्हेन्टसचं पाहा. तुरिनचं जुनं देल्ले आल्पी सुमारे ६९ हजारांचं. मैदानाभोवती धावपट्टी असल्यानं प्रेक्षक लांब, आणि बऱ्याचदा निम्म्याहून जास्त जागा रिकामी. ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये ४१ हजारांचं उभारलं. लहान, आणि पहिली रांग मैदानाच्या अगदी लगत. पहिल्याच हंगामात संघ लीगमध्ये अपराजित राहिला आणि २०२० पर्यंत सलग नऊ विजेतेपदं घेतली. २०११ च्याच उन्हाळ्यात कोन्ते प्रशिक्षक म्हणून आला होता आणि पिर्लोसारखा खेळाडूही, त्यामुळे सगळं श्रेय सिमेंटला देणं चूक. पण माणसं जवळ आणली, दाटी वाढवली, याचा वाटा नाकारताही येत नाही. याच्या बरोबर उलट लंडनच्या वेस्ट हॅमचं झालं. ११२ वर्षं अप्टन पार्कमध्ये प्रेक्षकांच्या श्वासावर खेळलेला संघ २०१६ मध्ये ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये गेला. जागा खूप वाढली. पण ॲथलेटिक्सचं स्टेडियम ते, गोलपोस्टमागचा माणूस मैदानापासून लांब गेला, आणि ती तक्रार तिथं अजून ऐकू येते.

आपल्याकडे ही भीती खरी आहे, म्हणून कळकळीनं लिहितो. आपल्याकडे नवं क्रीडांगण म्हटलं की एकाच जागेत सगळं बसवायचा मोह होतो. धावपट्टी, क्रिकेटची खेळपट्टी, ध्वजवंदनाची जागा, व्हीआयपींचा मंडप. फुटबॉलचं स्टेडियम फुटबॉलसाठीच बांधावं. छप्पर हवं, प्रकाशझोत हवेत, गवत चांगलं हवं, बायकामुलींना निर्धास्त बसता येईल अशी जागा तर हवीच हवी. पण साइडलाइनपासून पहिल्या पायरीचं अंतर वाढवू नये, आणि पेठेच्या पोरांना सुट्ट्या सुट्ट्या खुर्च्यांवर विखरून बसवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीला निघालो होतो, तर काकांनी वाट बदलून खासबाग मैदानात नेलं. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला जाताना रोममध्ये थांबले, तिथलं कलोसियम त्यांच्या मनात भरलं, आणि त्यातून हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं, १९१२ मध्ये. मधोमध आखाडा, आणि चारी बाजूंनी वर वर चढत गेलेली बैठक. त्या वेळी आत फारसं कुणी नव्हतं. काकांनी मला सगळ्यात वर पाठवलं. स्वतः खाली गेले, चपला बाहेर काढल्या, आखाड्याच्या कडेला उभे राहिले आणि हात वर केला.

"किती?"

"तीन," मी वरून म्हणालो.

त्यांनी एक बोट मिटलं. "आता?"

"दोन."

ते मान डोलावून वळले आणि आखाड्याच्या कडेपासून पहिल्या बैठकीपर्यंत पावलं मोजत निघाले, गुडघा दुखत असल्यानं जरा थांबत थांबत. तिथं पोचल्यावर पिशवीतून कालचा पुठ्ठा काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला. पेन नीट उमटलं नाही म्हणून झटकून पुन्हा गिरवला.

"आता तुम्ही तिकडनं मोजत या," ते म्हणाले.