आमच्या गटाचा ठराव आणि जीपमधली जागा

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील चार गावांचा मिळून आमचा एक गट आहे. सामूहिक वनहक्काचे दावे, तेंदूपत्त्याच्या विक्रीचे हिशेब, रोजगार हमीची अडलेली मजुरी अशा कामांसाठी आम्ही एकत्र आलो आणि आपसांत कसे वागायचे हे लिहून ठेवण्याची गरज आम्हाला बरीच वर्षे वाटली नाही. येथे प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा सोयरा लागतो. बैठकीत ज्यांना मामा म्हणायचे तेच मांडवातही मामा असतात, मग कागद कशाला, असा आमचा समज होता. बैठकीचे रजिस्टर माझ्याकडे असते, त्यामुळे तो समज कसा मोडला हे लिहिण्याचे कामही माझ्याकडेच येते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आम्ही मोर्चासाठी नागपूरला गेलो होतो. परतताना रात्र झाली आणि जीपच्या मागच्या बाकावर आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात, शेजारी बसलेल्या एका तरुण मुलीशी नको तसे वागले. मी पुढच्या सीटवर होते. मागे काहीतरी बरोबर चाललेले नाही, हे मला जाणवले होते आणि तरीही मी वळून पाहिले नाही. ती मुलगी त्यानंतर बैठकीला आली नाही. धानाची चुरणी आहे, घरी पाहुणे आहेत, अशी कारणे आम्हीच तिच्या वतीने शोधत राहिलो. चार महिन्यांनी, मोहफुले वेचताना एका पहाटे, तिने मला सगळे सांगितले.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मी तेव्हा प्रथमच नीट वाचला. मोबदला न घेता काम करणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो आणि जेथे तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती नसते तेथे जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाता येते, हे मला माहीत नव्हते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते. पुरेसे कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे आमच्या कारणे शोधण्यात तिची पहिली मुदत निघून गेली होती. मी तिला हे सर्व सांगितले. तिचे उत्तर थोडके होते: “मले केस नाही कराची. पन त्या जीपमंदी मी पुन्ना बसनार नाही.”

खरे तर आमच्याकडे तोवर एक कागद होता. शहरातल्या एका प्रशिक्षणात मिळालेली टाइप केलेली आचारसंहिता आम्ही सर्वांनी सह्या व अंगठे करून फाइलला लावली होती. तिच्यात ‘परस्परांप्रती आदर’, ‘सुरक्षित वातावरण’ असे शब्द होते आणि शेवटी उल्लंघन करणाऱ्याचे सदस्यत्व रद्द होईल, असे कलम होते. आचारसंहिता हा शब्द आमच्याकडे निवडणुकीमुळे माहीत आहे. ती लागली की कामे बंद पडतात, असे म्हणून तेव्हा सगळे हसले होते. पुढे घडले तेव्हा तो कागद कोणाला आठवलाही नाही.

मग उन्हाळ्यात, तेंदूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, आम्ही तीन संध्याकाळी बसलो. पहिली संध्याकाळ नावातच गेली. कोणी म्हणाले, आपण याला ‘बोली’ म्हणू, कारण बोललेला शब्द पाळायचा असतो. त्यावर तरुणपणी कित्येक वर्षे सालगडी राहिलेले एक काका उठले आणि म्हणाले की पाडव्याला मालकाशी होणाऱ्या बोलीत आमचे तोंड कधी उघडले नव्हते, त्यामुळे तो शब्द मला नको. त्यांचे म्हणणे सर्वांना पटले. व्रत किंवा शपथ म्हणावे, असेही आले. वर्ध्याचा प्रभाव आमच्या जुन्या कार्यकर्त्यांवर आहे आणि सेवाग्रामची एकादश व्रते त्यांना पाठ आहेत; पण व्रत माणूस स्वतःशी घेतो आणि मोडले तर स्वतःलाच जाब विचारतो. आम्हाला तर दुसऱ्याने विचारण्याची सोय हवी होती. शेवटी ग्रामसभेचा, सवयीचा ‘ठराव’ हाच शब्द राहिला. ठराव दुरुस्त करता येतो, हा त्याचा मोठाच गुण.

‘आदर’ हा शब्द मात्र आम्ही काढून टाकला. आदर म्हणजे नेमके काय, असे विचारल्यावर एक बाई म्हणाल्या, “मले माह्या नावानं हाका मारा, अमक्याची बायको मनू नका.” तेच पहिले वाक्य झाले. दुसरे हिशेबाचे. पैशाचा हिशेब कोणीही विचारू शकतो, विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे आणि पुढच्या बैठकीत तो वाचून दाखवला जाईल. हे वाक्य लवकर झाले, कारण तेंदूच्या पुड्यांची मोजणी ज्यांनी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, उभे राहून पाहिली आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

दारूवर वाद झाला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यासाठी बायांनी काय सोसले ते आमच्यातल्या काहींनी स्वतः पाहिले आहे. दुसरीकडे, गोंड घरांत देवापुढे मोहाची धार सोडण्याची रीत आहे. ‘पिणाऱ्याला गटात जागा नाही’ असे लिहिले असते तर ते पहिल्याच आठवड्यात खोटे ठरले असते. कायदा आपल्या जागी आहेच. ठरावात आम्ही एवढेच लिहिले की बैठकीत, मोर्चात, प्रवासात आणि पैसे वाटपाच्या दिवशी कोणी पिऊन येणार नाही आणि आल्यास त्याला त्या दिवशी घरी पाठवले जाईल.

सर्वसहमतीचा मुद्दा आम्ही धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाकडून घेतला. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आम्हीही सर्वसहमती म्हणत होतो, पण आमच्याकडे गप्प बसलेला माणूस ‘हो’ म्हणणाऱ्यांत मोजला जात असे, आणि गप्प बसणाऱ्यांत बहुतेक सुना असत. म्हणून आता महत्त्वाच्या निर्णयाआधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचे, असे ठरले. बैठका लांबल्या आहेत, हे कबूल करावे लागेल.

खरा पेच तिसऱ्या संध्याकाळी आला. कोणी चुकले तर काय करायचे? तरुण मंडळी सदस्यत्व रद्द करण्याच्या बाजूने होती आणि मीही होते. शहरात माणूस एका गटातून निघाला तर दुसऱ्या रस्त्याने घरी जातो. साठ घरांच्या गावात तो त्याच रस्त्याने, त्याच हातपंपावर येणार. गटातून काढला की त्याच्या घरी लग्नाला जायचे की नाही, धानाच्या रोवणीला हात द्यायचा की नाही, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. तेव्हा एका म्हाताऱ्या आजीने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. जातपंचायतीने त्यांना वाळीत टाकले होते आणि घरात मयत झाली तेव्हा खांदा द्यायला कोणी आले नाही. ती बोलत असताना कोणी हूं सुद्धा केले नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मी नंतर वाचून दाखवले; पण निर्णय आजीच्या बोलण्यानेच झाला होता.

आम्ही लिहिले की जबाबदारी काढून घेऊ, माणसाला तोडणार नाही. पैसे सांभाळणे, माइकवर बोलणे, गटातर्फे प्रवास करणे ही कामे ठरावीक काळासाठी थांबतील. रोवणी, लग्न, मयत यांत कोणी कोणाला टाळणार नाही. पैशाचा दंड ठेवला नाही, कारण दंड भरला की माणूस मोकळा होतो आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तो आधी मोकळा होतो. तक्रार ऐकायला तीन जण नेमले, त्यांपैकी दोघी बाया, आणि एक जण नेहमी तक्रारीशी नाते नसलेल्या दुसऱ्या गावचा. बाईने पोलिसांकडे किंवा स्थानिक समितीकडे जायचे ठरवले तर तिला कोणी थांबवणार वा समजावणार नाही, उलट सोबत एक जण जाईल, हे वाक्य मी आग्रहाने घातले. मी वळून पाहिले नव्हते, हेही त्याच वेळी सर्वांसमोर सांगितले.

ठराव आधीच्या गोष्टीला लावायचा का, यावर बरेच बोलणे झाले. मुलीला विचारले, ती हो म्हणाली. तिघांनी मामांना बोलावले. आपण गटासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत, असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. पैशांची पिशवी त्यांनी आदळून ठेवली, दोन बैठकांना आले नाहीत, मग येऊन मागे बसू लागले. त्यांच्या शेतातील रोवणीला आम्ही गेलो. मला ते सोपे गेले नाही.

मुलगी तेंदूच्या मोजणीला येते. बैठकीला कधी येते, कधी नाही. तिच्या सांगण्यावरून ठरावात एक ओळ वाढवली की ज्याला त्रास झाला त्याने प्रवासात आपली जागा आधी निवडायची. मामांची प्रवासबंदी संपल्यावर गडचिरोलीला जायचे होते, तेव्हा ती जीपमध्ये बसली आणि मामा एसटीने आले. त्यांच्या तिकिटाचे पैसे गटाने द्यायचे की नाही, यावर प्रत्येकाला नाव घेऊन विचारून झाले आहे आणि अजून सहमती झालेली नाही.