स्पेक्ट्रो पास, आवाज नापास

कोल्हापूर पट्ट्यातल्या एका फाउंड्रीतून एसजी आयर्नच्या (गोल गाठींच्या ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) ब्रॅकेटचा एक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे नग, डिस्पॅचला निघाला होता. ग्रेड ५००/७, म्हणजे ताकद ५०० मेगापास्कल आणि तुटेपर्यंतचा ताण ७ टक्के. लेडलमधून (ओतायच्या पातेल्यातून) घेतलेल्या कॉइनचा, म्हणजे नमुन्याच्या चकतीचा, स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतल्या घटकांची तपासणी) स्वच्छ होता, मॅग्नेशियम ०.०४२ टक्के. ताकद तपासायचा टेस्ट बारही पास झाला होता. तरीही फेटलिंगमधल्या (ओतीव नग साफ करायच्या विभागातल्या) मामांनी रनर, म्हणजे नगाला चिकटलेले ओतवाटेचे दांडे, तोडता तोडता काही नग बाजूला काढून ठेवले. "साहेब, हे बद्द वाजत्यात."

मामांचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरूनच होतं. ठोका बसल्यावर नग कोणत्या सुरात वाजणार, हे त्याचा आकार, घनता आणि धातूचा ताठपणा ठरवतात. साचा करायचा पॅटर्न एकच, म्हणजे आकार तोच. ग्रे आयर्न (पापुद्र्यांच्या ग्रॅफाइटचं साधं बीड) आणि एसजी यांच्या घनतेत नावापुरताच फरक असतो. मग सूर उतरला तर ताठपणाच उतरलेला असणार. एसजीत मॅग्नेशियममुळे ग्रॅफाइटच्या गोल गाठी असतात आणि त्यांच्याभोवती लोखंड सलग राहतं. मॅग्नेशियम कमी पडलं की हेच ग्रॅफाइट आधी अळीसारखं लांबतं आणि पुढे पापुद्रे धरतं. मऊ ग्रॅफाइटचा पापुद्रा ध्वनीच्या लहरीला भेगेसारखाच आडवा येतो.

केवळ कानाच्या भरवशावर हीट अडवता येत नाही, म्हणून ध्वनीचा वेग मोजायला घेतला. त्यासाठी साधा अल्ट्रासोनिक थिकनेस गेज पुरतो. ब्रॅकेटच्या बॉसच्या (जाड उंचवट्याच्या) दोन्ही बाजू ग्राइंड करून समांतर केल्या आणि मायक्रोमीटरने जाडी घेतली: २५.०० मिमी. गेजवर स्टीलचा वेग, सेकंदाला ५९२० मीटर, लावून ठेवला. ग्रीस लावून प्रोब टेकवला की गेज जी जाडी दाखवतो ती खोटी असते, पण उपयोगाची. खरी जाडी गुणिले ५९२०, भागिले गेजवरची जाडी, की त्या नगातला खरा वेग निघतो.

या फाउंड्रीत प्रत्येक साच्यात ओतण्याच्या क्रमाचा आकडा दाबतात. ही सवय फार मोलाची आहे, तिच्यामुळेच पुढचं चित्र दिसलं. सुरुवातीच्या साच्यांतल्या नगांवर गेज २६.४ दाखवत होता, म्हणजे वेग ५६०६. मधल्या साच्यांत २७.०, म्हणजे ५४८१. त्यानंतर २८.०, म्हणजे ५२८६. अगदी शेवटच्या साच्यात ३०.०, वेग ४९३३. वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे ताठपणा. त्या हिशेबाने शेवटच्या नगाचा ताठपणा पहिल्यापेक्षा जवळजवळ २३ टक्क्यांनी कमी भरला. सूरही वेगाच्याच प्रमाणात उतरतो. इथली घट १२ टक्क्यांची, म्हणजे जवळपास 'रे'वरून 'सा'वर. एवढा फरक तयार कानाला कळणारच.

दोन्ही टोकांचे नग कापून, पॉलिश करून १०० पटीत पाहिले. पहिल्यात गोल गाठी, शेवटच्यात लांबट अळ्या आणि अधूनमधून पापुद्रे.

कारण लॉगबुकात सापडलं. ओतणं चालू असताना मोल्डिंग लाइन अडली आणि मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झालेलं लोखंड लेडलमध्येच थांबून राहिलं. मॅग्नेशियम साधारण १०९० अंशांना उकळतं आणि लेडलमधलं लोखंड असतं १४०० च्या वर. त्यामुळे ते सतत उडत राहतं, शिवाय ऑक्सिजन आणि गंधक त्याला खातात. दहा-बारा मिनिटांत ओतून संपवायचं, हा नियम त्यासाठीच. इथे शेवटचा साचा भरला तो १८ व्या मिनिटाला. कॉइन आणि टेस्ट बार मात्र ओतण्याच्या सुरुवातीलाच घेतलेले होते. रिपोर्ट खरा होता, पण तो फक्त त्या क्षणाच्या धातूचा होता.

वेग मोजताना काही गोष्टी जपाव्या लागतात. २५ मिमीत जाडी ०.१ मिमीने चुकली तर वेग २२ मीटरने हलतो, म्हणून काळ्या, खडबडीत ओतीव पृष्ठावर माप घेऊ नये. नग गरम असेल तर वेग कमी येतो, तो पूर्ण निवू द्यावा. पापुद्र्यांचं ग्रॅफाइट लहर विखुरतं, तेव्हा ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबला मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी नीट मिळत नाही. तिथे २ ते २.५ मेगाहर्ट्झचा प्रोब घ्यावा. वेग अचानक ६५००-६८०० आला तर हुरळून जाऊ नये. लहर आतल्या श्रिंकेजच्या (धातू आकसून झालेल्या) पोकळीवरून लवकर परतलेली असते आणि तो नग उलट जास्त संशयास्पद असतो. कार्बाइड, म्हणजे लोखंड-कार्बनचे कठीण कण, मात्र या मापात सापडत नाहीत. चिल झालेला (फार लवकर थंड होऊन कडक झालेला) ठिसूळ नग खणखणीत वाजतो आणि वेगही चांगला दाखवतो, त्याच्यासाठी हार्डनेस आणि मायक्रोच (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीच) हवं.

स्वीकाराची सीमा पुस्तकातून उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच पॅटर्नचे, मायक्रोत पास झालेले नग मोजून ती ठरवावी. इथे ५५५० धरली. थांब्यानंतरच्या साच्यांतले सगळे नग त्याखाली आले आणि ते रिटर्न म्हणून भट्टीच्या चार्जमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायला, गेले. आता प्रत्येक लेडलच्या शेवटच्या साच्यातल्या नगावर पिवळा रंग मारतात. आधी तो नग प्रोबखाली येतो. तो पास झाला तरच त्या लेडलचं बाकीचं ओतकाम पुढे सरकतं.