शिरोरेखा वाकली तेव्हा

दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापायचा आमचा धंदा. सुरुवातीला भांडवल म्हणजे एक जिगसॉ, एक हँड राउटर (फिरत्या बिटाने कापायचं हातातलं यंत्र) आणि भागीदार अण्णा. अण्णा पेन्सिलची रेघ अर्धी राखून पातं फिरवायचे, कानस मारायला काही उरायचंच नाही. आता संगणकावर चालणारं कापायचं यंत्र, सीएनसी, आहे, लेझर आहे, पण 'ज्ञ'चं पोट काढावं तर अण्णांनीच.

पहिलं मोठं गिऱ्हाईक एक गॅरेजवाले. भाव न करता म्हणाले, "लाल करा, आणि टिकू द्या." आम्ही 5 मिमी कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, अ‍ॅक्रिलिक घातलं. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, स्वस्त पडलं असतं, पण ते राउटरखाली वितळून बिटाला लपेटतं, आणि पुढे कुणी स्पिरिटने पुसलं की कडेला बारीक तडे जातात.

मधली वर्षं बरी गेली.

मग एका साखळीच्या दुकानांचं काम आलं. गडद निळी अक्षरं, फूटभर उंच. आमच्याकडेच काम शिकून बाहेर पडलेल्या एकाने भाव पाडला. ईर्ष्येने आम्हीही पाडला आणि अ‍ॅक्रिलिकऐवजी पीव्हीसी प्लास्टिकची फोमशीट, म्हणजे सनबोर्ड, लावला. शीटवाला म्हणाला, बाहेर चालतो. चालतोही, पावसाला तो दाद देत नाही. पण 60 अंशांच्या पुढे पीव्हीसी मऊ पडू लागतं, आणि गडद रंग भर उन्हात तिथवर सहज तापतो. त्यातून आपली लिपी! इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपला शब्द शिरोरेखेने बांधलेला. मीटरभराची सलग पट्टी, आणि स्क्रू आम्ही घट्ट आवळलेले. पहिल्याच उन्हाळ्यात शिरोरेखांना पोक आलं, वेलांट्या भिंतीपासून सुटल्या. उरलेलं बिल बुडालं, लेझरचे हप्ते थकले, अण्णांनी घरचे पैसे घातले. माझ्या हट्टाबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते काम त्याच पठ्ठ्याने एसीपीत, म्हणजे दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटमध्ये, करून दिलं. वरचा रंगाचा थर उन्हात टिकणाऱ्या पीव्हीडीएफचा नव्हे, साध्या पॉलिएस्टरचा. काही वर्षांत निळ्याचा राखाडी झाला. त्याचं बिल मात्र कुणी अडवलं नाही.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, विचारलं नाही तरी. अ‍ॅक्रिलिकची मीटरभर पट्टी 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 3 मिमी वाढते. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा, वायसर घाला. फोमशीट लेझरवर चढवू नका, निघणारा आम्लाचा धूर फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. एचडीपीई प्लास्टिकची शीट पाण्याला टिकते खरी, पण तिला ना रंग धरतो ना गोंद. पॉलिकार्बोनेट हातोड्याने फुटणार नाही, पण उन्हातले यूव्ही किरण अडवणारा थर नसेल तर पिवळं पडतं; शिवाय लेझरवर कडा करपतात. समुद्राजवळ स्टेनलेस स्टील घ्यायचं तर 316 ग्रेडचं, 304 नाही.

गॅरेजवाल्यांनी परवा नावापुढे 'आणि कन्या' जोडायला सांगितलं. तीच जाडी, तोच शीटचा नंबर. तरी नवा लाल जुन्याशेजारी भडक दिसायला लागला. मी म्हटलं, सगळंच नवीन करून देतो, माझ्या खर्चाने. ते म्हणाले, "राहू द्या, कन्याही नवीनच आहे." अण्णा हसले. माझी नजर मात्र तिथून जाताना दर वेळी त्या दोन लालांवर अडते.