रॉ फोटोच्या संपादनात घाई कुठे चालते

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची नोंद) उघडली की पहिल्या क्षणी दिसणारे चित्र बऱ्याचदा रॉ माहितीतून घडलेले नसते. कॅमेऱ्याने त्याच फाइलच्या पोटात ठेवून दिलेली तयार जेपेग प्रतिमा पुढे केली जाते आणि खरे काम मागे चालू राहते. थोड्याच वेळात रंग किंचित बदललेले दिसतात ते त्यामुळेच. ही लबाडी मला मान्य आहे. सॉफ्टवेअरने वेगासाठी अशा तडजोडी जरूर कराव्यात. मात्र त्या कोणत्या टप्प्यावर होतात, हे वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

काम जड का असते, ते आकड्यांतून लवकर कळते. ६००० × ४००० पिक्सेलच्या सेन्सरवर सहसा बायर रचनेची जाळी असते, म्हणजे प्रत्येक जागी लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद होते. निम्म्या जागा हिरव्याच्या आणि पाव-पाव लाल-निळ्याच्या. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढावे लागतात, म्हणजे अंतिम चित्रातील दोनतृतीयांश आकडे हे मुळात अंदाज असतात. या पायरीला डीमोझेइक म्हणतात. पुढचे हिशेब प्रत्येक पिक्सेलला चार आकडे (चॅनेल) आणि प्रत्येक आकड्याला ३२ बिट धरून केले, तर चित्राची एकच प्रत मेमरीत ३८४ मेगाबाइट जागा अडवते, आणि वाटेत अशा प्रती एकाहून अधिक लागतात.

पण फुल एचडी पडद्यावर तेच चित्र पूर्ण बसवले, तर ते जेमतेम १६२० × १०८० पिक्सेलचे उरते, म्हणजे मूळच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याचे. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट आणि क्रॉप यांचा निर्णय घ्यायला एवढे पुरेसे आहे. अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमधील स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे फोटोच्या लहान प्रती, लांब बाजूला २५४० पिक्सेलचे असतात आणि संपादनासाठी मूळ फाइलऐवजी तेच वापरण्याची सोय तिथे आहे. साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याने ती बिनदिक्कत वापरावी, असे माझे मत आहे. स्लायडर हाताबरोबर हलला तर नजर रंगावर राहते, आणि अडखळला की नजर स्लायडरवर जाते.

नॉइज (चित्रातली खरखर) आणि शार्पनिंग (कडा धारदार करणे) यांच्या बाबतीत मात्र हा छोटा प्रीव्ह्यू सरळ दिशाभूल करतो. चौदा पिक्सेलांची सरासरी काढून एक पिक्सेल बनवला, तर स्वतंत्र स्वरूपाचा नॉइज चौदाच्या वर्गमूळाने, म्हणजे जवळजवळ पावणेचार पटींनी कमी होतो. त्यामुळे पूर्ण पडद्यावर स्वच्छ दिसणारी सावली शंभर टक्क्यांवर, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर दाखवला की, खरखरीत निघते. उलटही घडते: शंभर टक्क्यांवर नाक लावून बसलेला माणूस नॉइज रिडक्शन इतके वाढवतो की पक्ष्याची पिसे मेणाची वाटू लागतात, आणि छोट्या आकारात तो नॉइज तसाही कोणाला दिसला नसता. रॉथेरपी या रॉ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा साधनांपुढे १:१ अशी खूण असते; ज्यांचा परिणाम शंभर टक्क्यांवरच खरा दिसतो, ती साधने त्यावरून कळतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. नॉइज रिडक्शन मी शंभर टक्क्यांवर लावतो, पण किती ठेवायचे हे चित्र अंतिम आकारात पाहूनच ठरवतो.

डीमोझेइकची पद्धत निवडता येते तिथे लोक फार वेळ घालवतात. सर्वांत साध्या आणि वेगवान पद्धतीत कापडाच्या बारीक विणीवर खोटे रंग उमटतात आणि तिरप्या कडा दातेरी होतात, हे खरे. कमी आयएसओवर (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलतेची सेटिंग) बारीक तपशिलासाठी अमेझ ही पद्धत आणि जास्त आयएसओवर एलएमएमएसई ही पद्धत, ही विभागणी पुरेशी आहे. चारशे टक्के मोठे करून त्यापुढचे फरक शोधणाऱ्यांनी तो वेगळा छंद मानावा.

अलीकडे खरा वेळ जातो तो न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या नॉइज रिडक्शनमध्ये. डीएक्सओ कंपनीचे डीपप्राइम २०२० मध्ये आले आणि अडोबीचे डीनॉइज २०२३ मध्ये. जास्त आयएसओच्या फोटोंवर यांचा परिणाम जुन्या पद्धतींहून स्पष्टपणे सरस असतो, पण दमदार ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रत्येक फोटोमागे ताटकळावे लागते. म्हणून आधी फाइलमधल्या जेपेगवरूनच निवड उरकावी आणि ही प्रक्रिया निवडलेल्या मोजक्या फोटोंनाच लावावी. सगळ्या फोल्डरला सरसकट लावणे हा विजेचा अपव्यय आहे.

एक्स्पोर्टच्या वेळी डार्कटेबल हे रॉ-संपादनाचे सॉफ्टवेअर एक उपयुक्त प्रश्न विचारते: चित्र आधी लहान करून मग प्रक्रिया करायची, की पूर्ण आकारात सगळी प्रक्रिया करून शेवटी लहान करायचे? दुसऱ्या मार्गाला नेहमीच जास्त वेळ लागतो, पण बारीक कडा आणि नॉइज यांचा हिशेब मूळ पिक्सेलांवर होतो. नुसते दाखवायला पाठवायच्या फोटोंसाठी मी पहिला मार्ग घेतो. लहान करूनच द्यायचा पण जपून ठेवला जाणार असलेला फोटो असेल, तर दुसरा पर्याय चालू करून संगणकाला लागेल तितका वेळ देतो.